हलक्या हाताचं स्टिअरिंग

आमच्या तनयाच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधून डॉक्टरांनी सांगितलं की काही आठवडे गाडीला हात लावायचा नाही, आणि त्यानंतर चालवायचीच असेल तर स्टिअरिंग हलकं करून घ्या. पोळीला तूप कमी लावा म्हणावं, तितक्या सहज ते हे बोलून गेले. त्या एका वाक्यापायी पुढे मी हवालदारासमोर सरळ रेषेत चालून दाखवलं, शेजारच्या आजींच्या कुरडया चिरडल्या आणि कसबा पेठेतली एक अख्खी गल्ली बंद पाडली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. नोंद असावी म्हणून सांगतो.

गाडी दिसायला तुमच्याआमच्यासारखीच, छोटी आणि लाल. पण तनया ती घेऊन शर्यतीत उतरते. शर्यत म्हणजे मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे केशरी शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एकेकानं गाडी नागमोडी काढायची, शंकू पाडला की दंड, आणि कमीत कमी वेळात बाहेर पडेल तो जिंकला. एवढ्यासाठी मुलीनं गाडीला रुंद टायर घातले, गाडी खाली बसवली आणि मूळचं चाक काढून तिथे जेवणाच्या ताटाएवढं चाक लावलं. कंपनीतून आलेली पॉवर स्टिअरिंगची मोटर या थाटापुढे दमली. उभ्या गाडीचं ते चाक फिरवणं म्हणजे कपडे न काढता कपाट सरकवणं. (कपड्यांचं कपाट म्हणतोय मी. नीरजानं हे वाचून आधीच एक शेरा मारलेला आहे.) सरावात ते ओढता ओढताच मनगट गेलं. आणि महिन्याअखेरच्या शर्यतीतल्या पहिल्या तिघांना कोइमतूरच्या मोठ्या फेरीत प्रवेश मिळणार होता. पट्टा बांधून घरी आली तेव्हा पोरगी रडली नाही, पण रात्री आमटीभाताला तिनं हात लावला नाही. आमच्या घरात याला शोक म्हणतात.

या गाडीचं सगळं काम समाधान बघतो. कर्वेनगरात नदीच्या बाजूला त्याची पत्र्याची शेड आहे. इंजिनिअर आहे, केसांचा बुचडा बांधतो, आणि नावाप्रमाणे वागणं त्याला आयुष्यात जमलेलं नाही. त्यानं जास्त ताकदीची मोटर बसवली. ही मोटर चाकाला किती मदत करणार आणि कोणत्या वेगाला करणार, हे लॅपटॉपवरून ठरवता येतं. पण ते ठरवायचं तर कुणीतरी गाडी चालवून सांगायला हवं, आणि तनयाचा हात गळ्यात.

"मी..." असं नीरजा म्हणाली. नीरजा म्हणजे माझी बायको. ती रोज स्वारगेटच्या चौकातून गाडी काढून शाळेत शिकवायला जाते आणि परत येते, तेही न चिडता. पण तिच्या त्या 'मी'वर मी माझं 'मी चालवतो की' हे संपूर्ण वाक्य ठेवून दिलं. मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक. वेगाच्या बाबतीत मी संयमी आहे. नीरजा त्यासाठी दुसरा शब्द वापरते.

पहिल्या दिवशी समाधान लॅपटॉप मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला. शेडपासून नदीपर्यंतच्या मोकळ्या रस्त्यावर मी एक फेरी मारली. त्यानं विचारलं, "काका, सेंटरला फील कसा आहे?"

मला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, फील म्हणजे रस्ता तुमच्या हातात काय सांगतो ते. ही व्याख्या मला एकदम पटली. मी पुन्हा एक फेरी मारली आणि सांगितलं की स्टिअरिंग थोडं संकोची वाटतंय.

"संकोची म्हणजे हेवी की लाइट?"

मी त्याला समजावलं की संकोच हा वजनाचा प्रकार नव्हे. त्यानं कुठलातरी आकडा टाकला. पुढच्या फेरीनंतर मी म्हणालो की आता ते आगाऊ झालंय. त्याच्या पुढच्या फेरीनंतर म्हणालो की आज्ञाधारक आहे, पण मनापासून नाही. समाधाननं लॅपटॉप मिटला आणि चहा सांगितला. चहा पिताना तो बराच वेळ नदीकडे बघत होता. मग त्यानं डॅशबोर्डवर पंख्याच्या रेग्युलेटरसारखी एक चकती लावून दिली. एकवर ठेवली तर मदत कमी, दहावर ठेवली तर भरपूर. काही दिवस तुम्हीच फिरवा, म्हणाला, आणि शक्य झालं तर हेवी आणि लाइट हे दोनच शब्द वापरा.

मी सोसायटीच्या आवारात फेऱ्या सुरू केल्या. इथे आप्पासाहेबांची ओळख करून द्यायला हवी. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी त्यांची होती, त्यामुळे सोसायटीचं अध्यक्षपद आपल्याकडे निवडणुकीनं नव्हे तर सातबाऱ्यानं आलंय असं ते मानतात. खुर्ची टाकून ते माझ्या फेऱ्या बघत बसले.

"मास्तर, चरकाला जुंपल्यागत किती फिरताय?" त्यांनी विचारलं. मी थांबून सगळं समजावलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "हलकं करताय म्हंजे बिघडवताय," ते म्हणाले. "आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं स्टेरिंग असं हाय की फिरवायला दोन माणसं लागत्यात. पण आजवर कुणाच्या अंगावर न्हाई गेला."

एव्हाना इतर मंडळी जमली होती. बी विंगवाल्यांचं मत पडलं की टायरमधली हवा कमी करा. सी विंगवाले म्हणाले, वाढवा. शेजारधर्म म्हणून मी दोघांचा मान राखला आणि पुढच्या डाव्या चाकातली हवा कमी केली, उजव्यातली वाढवली. त्या दिवशी गाडी सारखी डावीकडे, म्हणजे बी विंगकडे, ओढत राहिली आणि सी विंगवाल्यांनी मला दोन दिवस ओळख दाखवली नाही.

मग चकती दहावर नेऊन बघावी असं मला वाटलं. शास्त्रात दोन्ही टोकं तपासावी लागतात. दहावर चाक इतकं हलकं झालं की करंगळीनं फिरत होतं. मी करंगळीनंच फिरवलं. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी बघत होतं, त्यामुळे जरा डौलातच फिरवलं. नेमकी मला शिंक आली. गाडीनं ती शिंक आज्ञा समजून पाळली आणि भिंतीकडेला प्लास्टिकच्या कागदावर वाळत घातलेल्या कुरडयांवर चढली.

कुरडया आप्पासाहेबांच्या मातुःश्री मथुराबाई यांच्या होत्या, आणि त्या स्वतः कावळे हाकलायला शेजारीच बसलेल्या होत्या. कावळ्यांसाठी त्यांच्याकडे काठी होती. लाल गाडीसाठी काहीच नव्हतं. त्या उठल्या, चाकाखालचा चुरा वाकून बघितला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, आता चीक तुमीच काढायचा."

त्यांनी तो खरोखरच काढायला लावला. गहू भिजवण्यापासून सगळं आमच्याकडे आलं. नीरजा शाळा सांभाळून चीक शिजवायला बसली आणि सोऱ्याचा दांडा फिरवायचं काम माझ्याकडे लागलं, कारण माझा हात रिकामा आहे असं सर्वांचं मत होतं. त्या दांड्याशी झटताना मात्र मला काहीतरी गवसलं. सुरुवातीला दांडा थोडा अडतो, मग चीक सुटायला लागला की हातात एक सारखी, समजूतदार जडता येते, आणि आत हवेचा बुडबुडा असला तर तो फुटायच्या आधी दांड्यात कळतो. मी तसाच चिकट हातानं समाधानला फोन लावला आणि सांगितलं की स्टिअरिंग सोऱ्यासारखं पाहिजे. मग तो म्हणाला की त्याच्या घरी लहानपणी सोऱ्या तोच फिरवायचा. त्या संध्याकाळी त्यानं टाकलेले आकडे पहिल्यांदाच मला पटले.

यशानं माणूस बिघडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता मोकळा बघून मी स्वारगेटकडे जाताना गाडी हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे अशी नेत होतो. चाक मध्यावरून हलताना काय म्हणतं ते ऐकायचं होतं. ते ऐकण्यात हवालदाराची शिट्टी ऐकू आली नाही. त्यांच्या छातीवरच्या पाटीवर संतोष असं नाव होतं. त्यांनी फक्त, "किती झाली?" एवढंच विचारलं.

मी सांगितलं की ही चाचणी आहे. ते म्हणाले, हो, आता चाचणीच करू, आणि माझ्यापुढे फुंकायचं यंत्र धरलं. मी फुंकलं. यंत्रानं मला निर्दोष सोडलं, पण हवालदारांनी नाही. त्यांनी मला रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालायला लावलं. बसमधून नीरजाच्या शाळेतल्या दोन शिक्षिका चालल्या होत्या, हे मला संध्याकाळी घरी कळलं. इतक्या वर्षांची माझी प्रतिष्ठा, पण त्या दिवशी ती एका पांढऱ्या पट्ट्यावर तोल सांभाळत होती. शेवटी हवालदारांनी गाडीत डोकावून बघितलं, ते ताटाएवढं चाक आणि ती पंख्याची चकती बघितली, आणि सौम्यपणे सुचवलं की या बदलाची परवानगी काढलेली बरी.

परवानगीच्या कार्यालयात खिडकीतल्या बाईंनी विचारलं, गाडीत काय बदललंय. मी खरं ते सांगितलं, स्टिअरिंगचा फील. बाईंनी चष्मा वर केला. भाग कोणता बदलला, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, मोटर बदललीय, पण मुळात उद्देश फील बदलण्याचा आहे. मोटरीसाठी पलीकडची खिडकी आणि फीलसाठी रकाना नाही, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. पलीकडच्या खिडकीनं मला अलीकडे पाठवलं. दोन खिडक्यांमधला तो प्रवास मी इतक्या वेळा केला की तिथल्या शिपायानं मला हाक मारून पाणी दिलं. अखेर एक साहेब गाडी बघायला खाली आले. त्यांनी चाकामागे बसून आवारात एक चक्कर मारली, चकती थोडी मागे घेतली, आणखी एक चक्कर मारली, खाली उतरले आणि म्हणाले, "सहावर गुळमुळीत वाटतंय. चारवर ठेवा." मग शिक्का मारला. या गाडीच्या स्टिअरिंगबद्दल मत नसलेला माणूस पुणे शहरात मला भेटलेला नाही.

आता राहिली होती फक्त कमी वेगाची तपासणी. अगदी हळू, सारखं चाक फिरवावं लागेल अशा जागी गाडी न्यावी असं समाधानचं म्हणणं होतं. त्यानं रिकामं मैदान सुचवलं होतं. मी त्यावर विचार करून कसबा पेठ निवडली. नीरजालाही तांबट आळीतून पाण्याचा हंडा घ्यायचा होता, म्हणून ती बरोबर आली.

गल्लीत शिरलो आणि समोरून टेम्पो आला. मागे स्कूटर. टेम्पोवाला मागे जाईना, म्हणून मी ठरवलं की आपणच वळू. नीरजा म्हणाली की इथे वळणार नाही. मी तिला पॉवर स्टिअरिंगवर विश्वास ठेवायला सांगितलं. थोडं पुढे, चाक पूर्ण डावीकडे. थोडं मागे, चाक पूर्ण उजवीकडे. उभ्या उभ्या, पूर्ण ताकदीनं. असं बरंच झालं आणि गाडी गल्लीला बरोबर आडवी आली, तेव्हा चाक थांबलं. मी ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, पाय रोवून ओढलं. हलेना. समाधानला फोन केला तर तो म्हणाला, मोटर तापली असेल. फार तापली की ती स्वतःला वाचवायला मदत बंद करते, गार झाली की पुन्हा सुरू होईल.

पण गल्लीला तेवढा धीर नव्हता. दोन्ही बाजूंना गाड्या साचल्या. तांबटांची ठोकाठोकी थांबली, कारण ठोकणारे बघायला बाहेर आले. वरच्या गॅलरीतून एक गृहस्थ दात घासत म्हणाले, "गल्ली बंद ठेवायची तर आधी पाटी लावायची पद्धत आहे." समोरच्या दुकानातून चौकशी झाली की गणपतीला अजून अवकाश आहे, मांडव आत्ताच घातला का. कुणीतरी माझ्या काचेवर टकटक करून हवा तपासा म्हणालं. मी चाकावर कपाळ टेकलं. हॉर्न वाजला. तो माझाच होता.

"उतरा," नीरजा म्हणाली.

मी म्हणालो की मोटर गार झाल्याशिवाय कुणाच्यानं काही होणार नाही. ती फक्त माझ्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. मी उतरलो. तिनं आसन पुढे ओढलं, आरसा खाली केला, आणि गाडी तसूभर पुढे सरकायला लागली तेव्हाच, सरकता सरकता, चाक फिरवलं. मग तसूभर मागे, पुन्हा तसंच. उभ्या गाडीचं चाक तिनं एकदाही ओढलं नाही. बघता बघता लाल गाडीचं तोंड गल्लीच्या तोंडाशी आलं. गॅलरीतल्या गृहस्थांनी चूळ भरली आणि मला उद्देशून म्हणाले, "वहिनींना आधीच द्यायची होती की."

घरी जाताना मी नीरजाला समजावून सांगितलं की एवढ्या वेळात मोटर गार झाली असणार. ती "हो का," एवढंच म्हणाली. पुण्यात या दोन शब्दांनंतर चर्चा पुढे जात नाही. हंडा राहिलाच.

शर्यतीच्या आठवड्यात तनयाचा पट्टा सुटला. मनगट हलकं वापरा, असं डॉक्टर म्हणाले. शर्यतीच्या सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर आम्ही चौघं पोचलो, समाधान लॅपटॉपसकट. मी मनातून निश्चिंत होतो. इतक्या हालअपेष्टांतून तयार झालेलं स्टिअरिंग वाईट असेलच कसं.

तनयानं सरावाची एक फेरी मारली आणि आमच्यापाशी येऊन थांबली. तिनं चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"बाबा, हे तुझं स्टिअरिंग झालंय," ती म्हणाली.

मला आधी ते कौतुक वाटलं. मग तिचा चेहरा दिसला. समाधाननं लॅपटॉप उघडून विचारलं, काय बदलू. ती हवेत हात करून, असं नको, असं पाहिजे, म्हणून दाखवायला लागली. तो म्हणाला, नंबर सांग. ती म्हणाली, नंबर मला काय माहीत. तिच्या आधी थोड्याच गाड्या उरल्या होत्या आणि दोघांचेही आवाज चढायला लागले होते. तनयाचा डावा हात नकळत उजव्या मनगटाकडे गेला. ते बघून मी मध्ये पडलो आणि तिला विचारलं, नक्की कुठे बिनसतं.

"तिसऱ्या शंकूला," ती म्हणाली. "मी वळवते, तर ते काहीच बोलत नाही. मग एकदम पुढची चाकं घसरतात."

"घसरायच्या आधी हाताला कळत नाही?"

"नाही ना. मोटर इतकी मदत करते की रस्ता ऐकूच येत नाही."

हे मला कळलं. इतके दिवस मी त्याच रस्त्याला कान लावून होतो, फक्त तिच्याएवढ्या वेगात नाही. मी समाधानकडे वळलो.

"गाडी उभी असताना मदत आहे तेवढी राहू दे, तिचं मनगट आहे," मी म्हणालो. "पण गाडी धावायला लागली की मदतीनं मागे व्हायचं. तडकाफडकी नाही. पाहुणे निघाले की आपण दारापर्यंत जातो, मग जिन्यापर्यंत, मग फाटकापाशी थांबतो. तसं. पुढचा रस्ता त्यांचा त्यांना जाऊ द्यायचा."

समाधाननं हेवी की लाइट असं विचारलं नाही. त्यानं लॅपटॉपवरची एक रेघ बोटानं ओढून उतरती केली, तनयाला दाखवली, आणि म्हणाला, जा.

मी शर्यत नीट बघितली असं म्हणवत नाही. पहिल्या शंकूला तनया गेली तेव्हा नीरजानं माझं मनगट धरलं आणि तिसऱ्या शंकूला ते असं आवळलं की पट्टा मलाही लागला असता. लाल गाडी झुकली, शंकूला घासून गेल्यासारखी वाटली, शंकू थरथरला नाही. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. फलकावर वेळ लागली. त्यानंतर बाकीच्यांच्या गाड्या संपेपर्यंत आम्ही फलकाकडे बघत उभे होतो. शेवटी नाव आलं ते तिसऱ्या क्रमांकावर.

तनया धावत आली. नीरजानं आधी विचारलं, दुखतंय का. तिनं उजवा हात वर करून मनगट गोल फिरवून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि डब्यातली इडली ती त्याच हातानं खात होती. मी दुसरीकडे बघितलं. मैदानावर धूळ फार असते.

मग तिनं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाबा, जरा तिकडे लावून ये ना." सगळ्यांसमोर दिली. मी बसलो आणि गाडी हलवली. आणि खरंच सांगतो, स्टिअरिंग सुरेख झालं होतं. खडे, उतार, कुणाच्यातरी टायरनं पाडलेला चर, एकेक गोष्ट तळहातात येऊन सांगत होती. मी ऐकण्यात रमलो. तेवढ्यात डाव्या चाकाखाली काहीतरी मऊ आलं, दबलं आणि आडवं झालं.

"सत्तावीस क्रमांकाची लाल गाडी नेणारे काका," ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "आपण पाडलेला शंकू कृपया उभा करून ठेवावा."

सबंध मैदान वळून बघायला लागलं. तनया लगबगीनं आली. मी खाली उतरून शंकू उभा करत होतो. जखमी स्वाभिमानानं मी तिला एवढंच सांगितलं की शंकू चाकाखाली आला तो मला आधी हातात कळला. टोक आधी, मग कड, मग तो आडवा झाला. अगदी स्पष्ट.

तनया शंकूकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग मागे वळून समाधानला म्हणाली, "कोइमतूरपर्यंत आता काही बदलू नकोस. बाबाला शंकूसुद्धा कळतोय."